घरी ओतलेल्या पिस्तूल-गोळ्यांसाठी वंगण कसं निवडावं

घरी ओतलेल्या पहिल्या पन्नास गोळ्या झाडल्या, पिस्तूल उघडलं आणि सुटी केलेली नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं. रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या वळणदार खाचांच्या, कडांना चिकटून करड्या रंगाचे पट्टे दिसत होते. ब्रश फिरवला तेव्हा त्याचे लहान चकचकीत पापुद्रे निघाले. ते शिसं होतं. गोळीचं शिसं नळीत राहिलं होतं आणि कागदावरच्या शेवटच्या दहा गोळ्या वीतभर पसरल्या होत्या.

वंगण कमी पडलं असं मी धरून चाललो. दुसरं वंगण आणलं, मग तिसरं. पट्टे तसेच राहिले. शेवटी नळी मोजली तेव्हा कळलं की माझी गोळी नळीपेक्षा किंचित बारीक होती. जगातलं कुठलंही वंगण ती फट भरून काढणार नव्हतं.

म्हणून हा लेख वंगणांच्या यादीने सुरू होत नाही. आधी मोजमाप, मग वंगण, हा क्रम पाळलात तर तीन-चार महिन्यांचा मनस्ताप वाचेल. शब्दांचं एकदा ठरवून घेऊ. ‘गोळी’ म्हणजे नळीतून बाहेर जाणारा शिशाचा तुकडा. पुंगळी (पितळी नळकांडं), प्रायमर (तिच्या बुडातली, ठोका बसला की पेटणारी टोपी), दारू (गोळी ढकलणारी स्फोटक पूड) आणि गोळी मिळून होतं ते ‘काडतूस’. नळीत शिसं चिकटण्याला सगळे ‘लेडिंग’ म्हणतात, मीही तेच म्हणतो.

सुरू करण्याआधी: परवाना आणि शिसं

तुम्ही राहता तिथे गोळ्या ओतायला आणि काडतुसं भरायला कायद्याने परवानगी आहे का, हे आधी लेखी तपासा. कित्येक देशांत शस्त्राचा परवाना असला तरी काडतूस भरण्याची मुभा नसते, त्यासाठी वेगळा परवाना लागतो. काही ठिकाणी ते पूर्ण बंद आहे. परवानगी नसेल तर हा छंद तुमच्यासाठी नाही, इथेच थांबा.

शिशाचं विष हळूहळू अंगात साठतं. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम मोठ्यांपेक्षा खूप लवकर होतो. काम करताना खाणं, पिणं, धूम्रपान काहीही नको. वितळवताना हवा खेळती हवी. वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंबही नको, कारण त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. खरा धोका वाफेपेक्षा धुळीत जास्त असतो. वितळलेल्या शिशावरची साय काढताना, ती टाकताना आणि टेबल झाडताना ती धूळ उडते. टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे वेगळे ठेवा आणि वेगळेच धुवा. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या. नेमबाजी करणाऱ्याने तर ते करावंच, कारण बहुतेक प्रायमरमध्येही शिशाचं संयुग असतं आणि बंदिस्त रेंजवर ते श्वासातून आत जातं.

लागणारं साहित्य

- 0.0001 इंचापर्यंत वाचता येणारा मायक्रोमीटर. कॅलिपर पुरत नाही, इथे अर्ध्या हजारांश इंचानेही फरक पडतो.
- नळी मोजण्यासाठी शुद्ध, मऊ शिशाचे काही तुकडे, पितळी किंवा कठीण लाकडी दांडा आणि प्लास्टिकचा हातोडा.
- सायझिंग डाय, म्हणजे गोळी दाबून नेमक्या व्यासाची करणारा साचा.
- भरलेल्या काडतुसातून गोळी काढण्याचा, हातोड्यासारखा आपटायचा पुलर.
- ठरवलेलं वंगण आणि ते लावण्याची साधनं (ती सहाव्या पायरीत येतील).
- डोळ्यांना चष्मा, हातमोजे आणि एक वही.

### 1. वंगण नळीत काय करतं ते समजून घ्या

शिशाची गोळी मऊ असते. मागून येणारा गरम वायू गोळी आणि नळी यांच्यामधली जरा जरी फट सापडली तरी तिच्यातून झोताने पुढे निसटतो. जाता जाता गोळीच्या बाजूचं शिसं कापतो, वितळवतो आणि ते पुढे नळीच्या भिंतीवर थापतो. पुढची गोळी त्या थराला आणखी घासते. लेडिंग बहुतेक वेळा असं होतं. नुसत्या घर्षणाने होणारं लेडिंग त्यामानाने कमी.

वंगण दोन कामं करतं. एक, गोळीच्या खाचेतून दाबाखाली बाहेर येऊन बारीकसारीक फटी बुजवतं. दोन, शिसं आणि पोलाद यांच्यामध्ये पातळ थर ठेवतं, म्हणजे शिसं भिंतीला धरत नाही. म्हणूनच बहुतेक वंगणांत दोन प्रकारचे पदार्थ असतात. मेण वंगणाला जागेवर धरून ठेवतं आणि त्यातलं तेल किंवा ग्रीस त्याला सरकू देतं. नुसतं मेण कोरडं पडतं आणि तुटतं. नुसतं ग्रीस पुंगळीत उतरून दारू खराब करतं.

बारीकसारीक फट वंगण बुजवू शकतं, ढळढळीत फट नाही. म्हणून पुढच्या दोन पायऱ्या मोजमापाच्या आहेत, आणि त्यांत वेळ गेला तरी जाऊ द्या.

### 2. नळी मोजा

नळीवर किंवा खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. एकाच कॅलिबरच्या दोन नळ्यांत हजारांश-दोन हजारांश इंचांचा फरक सहज असतो.

पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा पाहा आणि नळी सुटी करा. आत तेलाचा पुसट हात फिरवा. नळीपेक्षा किंचित जाड असा शुद्ध शिशाचा तुकडा तोंडावर ठेवून प्लास्टिकच्या हातोड्याने हलके ठोकत आत बसवा, मग दांड्याने पुढे ढकलत न्या. इथे घाई करू नका. दांड्यावर हात ठेवला की नळी आतून कशी आहे ते कळतं. कुठे तुकडा सरसर जातो, कुठे अडतो, आणि अडून पुन्हा मोकळा झाला तर तिथे नळी आवळलेली आहे. माझ्या एका नळीत नेमकी अशी जागा होती. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, दांड्याला मात्र दर वेळी त्याच ठिकाणी लागायची.

बाहेर आलेल्या तुकड्यावर रायफलिंगचा ठसा उमटलेला असतो. त्याचा सगळ्यात मोठा व्यास म्हणजे नळीच्या खाचांचा व्यास. आपल्याला तोच हवा. खाचा सम संख्येत असतील तर समोरासमोरच्या उंचवट्यांवर मायक्रोमीटर लावून तो थेट मिळतो. पाच खाचांच्या नळीत, आणि पाच खाचांची रिव्हॉल्व्हरं पुष्कळ आहेत, उंचवट्याच्या समोर खळगा येतो आणि साध्या मायक्रोमीटरने खरा आकडा मिळत नाही. त्यासाठी ‘व्ही’ आकाराचा टेकू असलेला मायक्रोमीटर घ्या, किंवा अनुभवी माणसाकडून मोजून घ्या.

रिव्हॉल्व्हर असेल तर नळी हे अर्धंच काम. चक्रीतल्या प्रत्येक घराचं पुढचं तोंडही मोजा. ते नळीच्या खाचांपेक्षा अरुंद असेल तर कितीही योग्य व्यासाची गोळी तिथून जाताना बारीक होते आणि मग नळीत सैल जाते. वंगण बदलून बदलून दमलेले रिव्हॉल्व्हरवाले बहुतेक इथेच अडकलेले असतात. ती घरं बंदूक-कारागिराकडून मोठी करून घेण्याखेरीज त्यावर उपाय नाही.

### 3. गोळी मोजा, आणि काडतुसात बसवल्यावर पुन्हा मोजा

नियम साधा आहे. ओतीव गोळी खाचांच्या व्यासापेक्षा 0.001 ते 0.002 इंच जाड हवी. रुळलेले आकडे असे: 9 मिमी पिस्तुलाच्या नळीचा व्यास नावापुरता 0.355 इंच, ओतीव गोळी 0.356 ते 0.358. .38 स्पेशल आणि .357 मॅग्नमसाठी गोळी बहुतेक वेळा 0.358. .44 मॅग्नमची नळी 0.429 आणि गोळी 0.430 किंवा 0.431. .45 एसीपीची नळी 0.451, गोळी 0.452. हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. शेवटचा शब्द तुमच्या नळीतून निघालेल्या तुकड्याचा.

भरलेलं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, सहज बसलं पाहिजे आणि स्वतःच्या वजनाने बाहेर पडलं पाहिजे. तेवढं होत असेल तर जाड गोळीला घाबरू नका.

आता मला सगळ्यात महाग पडलेला सापळा. गोळी सायझिंग डायमधून नेमकी 0.357 इंचाची निघत होती, तरी लेडिंग थांबेना. मग एक भरलेलं काडतूस पुलरमध्ये घालून आपटलं आणि गोळी बाहेर काढून मोजली. 0.3545 भरली. पुंगळीने गोळी चेपली होती. 9 मिमीची पुंगळी आतून बुडाकडे जाड होत जाते, आणि कारखान्याच्या गोळीसाठी बनवलेला डाय-संच (काडतूस भरण्याचे साचे) तिला आतून फारसं फुगवत नाही. मऊ शिशाची गोळी आत ढकलली की पुंगळी फुगत नाही, गोळीच आवळली जाते. भर म्हणून शेवटी क्रिम्प, म्हणजे पुंगळीचं तोंड आवळणं, जोरात केला किंवा बाहेरून दाबणारं कडं असलेला क्रिम्प डाय वापरला, तर उरलीसुरली जाडीही जाते.

यावर उपाय म्हणजे ओतीव गोळीसाठीचा, जास्त लांब आणि जाड एक्स्पांडर (पुंगळी आतून फुगवणारा दांडा) वापरा. पुंगळीचं तोंड इतपत उमलवा की गोळी हाताने सरळ उभी राहील आणि बसताना तिची साल निघणार नाही. क्रिम्प फक्त ते उमलेलं तोंड सरळ करण्यापुरता द्या. मग एक काडतूस उघडून गोळी मोजा. तिचा व्यास नळीपेक्षा मोठा राहिला असेल तरच पुढच्या पायरीला जा.

### 4. मिश्रधातू तपासा, पण त्यात गुंतू नका

शुद्ध शिशाचा कठीणपणा ब्रिनेल मापावर साधारण 5. कथील आणि अँटिमनी मिसळले की तो वाढतो. 90 टक्के शिसं, 5 टक्के कथील आणि 5 टक्के अँटिमनी या प्रसिद्ध मिश्रणाचा साधारण 15, आणि जुन्या छापखान्यांतल्या लायनोटाइप धातूचा 22 च्या आसपास.

नवख्याचा समज असा की गोळी जितकी कठीण तितकं लेडिंग कमी. तसं नाही. .45 एसीपी किंवा .38 स्पेशल ही कमी दाबाची काडतुसं आहेत. कमाल दाब पहिल्याचा 21,000 पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) आणि दुसऱ्याचा 17,000 पीएसआय धरतात. एवढ्या दाबाला फार कठीण गोळी मागून किंचितही फुलत नाही आणि फट तशीच राहते. थोडी मऊ गोळी फुलते आणि नळी भरते. 9 मिमी आणि .357 मॅग्नमचा दाब 35,000 पीएसआयपर्यंत जातो, तिथे 12 ते 15 चा कठीणपणा बरा. याहून जास्त कठीण करण्याची पिस्तुलात सहसा गरज पडत नाही.

### 5. तुमच्या ओतण्याच्या साच्याने काय ठरवून ठेवलंय ते पाहा

हातात गोळी घेऊन तिची बाजू निरखा. एक किंवा दोन खोल, रुंद खाचा असतील तर ती जुन्या पद्धतीची गोळी आहे. तिच्या खाचांत घट्ट, मेणासारखं वंगण भरायचं असतं. बाजूला बारीक-बारीक, उथळ आणि बऱ्याच खाचा असतील तर ती पातळ वंगणात घोळवण्यासाठी बनवलेली गोळी. या उथळ खाचांत घट्ट मेण भरत बसू नका, ते तिथे टिकत नाही. उलट मात्र चालतं. खोल खाचेच्या गोळीला पातळ वंगणही लावता येतं आणि कमी वेगाला ते पुरतं. पावडर कोटिंग (ते पुढच्या पायरीत येईल) दोन्हींना चालतं.

साचा अजून घेतलेला नसेल तर आधी वंगणाची पद्धत ठरवा आणि मग साचा घ्या. उलट क्रमाने गेलात तर साचा बदलावा लागतो.

### 6. चार मार्गांतला एक निवडा

पातळ वंगणात घोळवणं. सुरुवातीला मी हाच सुचवतो. यात खर्च कमी, साधनं कमी, आणि चुकलं तरी धुऊन पुन्हा करता येतं. ली कंपनीचं लिक्विड अलॉक्स हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं. मधासारखं दाट, तपकिरी आणि उग्र वासाचं. बाटली गरम पाण्यात ठेवून पातळ करून घ्या. प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या घ्या, त्यावर थोडंसं वंगण टाका आणि डबा गोल फिरवत राहा, सगळ्या गोळ्यांवर सोनेरी झाक येईपर्यंत. मेणकागदावर पसरा आणि रात्रभर वाळू द्या.

इथे सगळ्यांची एकच चूक होते, ती म्हणजे वंगण जास्त घालणं. गोळी तपकिरी दिसली म्हणजे जास्त झालं. सोनेरी, जेमतेम दिसेल असा थर हवा. जाड थर आठवडाभर चिकट राहतो, धूळ ओढतो, आणि गोळी बसवण्याच्या डायमध्ये साठून गोळीची खोली बदलतो. खोली बदलली की दाब बदलतो, म्हणून हे नुसतं साफसफाईपुरतं राहत नाही. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वंगणात थोडं मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचा द्रव) मिसळून ते पातळ करणं. बरेच जण 45 भाग अलॉक्स, 45 भाग फरशीचं पेस्ट मेण आणि 10 भाग मिनरल स्पिरिट असं मिश्रण करतात. ते लवकर वाळतं आणि जवळजवळ चिकटत नाही. मिश्रण कोमट करताना आगीची ज्योत आसपास नको. मिनरल स्पिरिटची वाफ पेट घेते.

मऊ मेणवंगण खाचेत भरणं. मधमाश्यांचं मेण आणि अलॉक्स समसमान हे याचं जुनं, खात्रीचं मिश्रण. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या नावाने ते ओळखलं जातं. यंत्र नसेल तर पसरट, सपाट बुडाच्या भांड्यात गोळ्या बुडावर उभ्या करा, वितळलेलं वंगण वरच्या खाचेपर्यंत ओता आणि पूर्ण थंड होऊ द्या. मग गोळीच्या व्यासाच्या पातळ नळकांड्याने एकेक गोळी कापून बाहेर काढा. बुड कापलेली मोठी पुंगळी त्यासाठी छान चालते. भांडं अर्धवट गरम असताना घाई केलीत तर वंगण खाचेतून उचकटून येतं, आणि पूर्ण गार झाल्यावर कापलंत तर कड चकचकीत आणि खाच काठोकाठ भरलेली निघते. पहिल्यांदा तशी ओळ निघाली तेव्हा मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

गोळ्या शेकड्यांनी करायच्या असतील तर सायझिंग आणि वंगण एकाच दाबात करणारं लुब्रिसायझर यंत्र घ्या. लायमन आणि आरसीबीएस यांची यंत्रं वर्षानुवर्षं चालतात.

कठीण वंगण. कार्नोबा मेण वितळतं 82 ते 86 अंश सेल्सिअसला, मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंशांना. यावरून कळतं की कठीण वंगण हाताला लागत नाही, उन्हात वितळत नाही आणि खोक्यात गोळ्या गोळ्यांना चिकटत नाहीत. विकत मिळणाऱ्या तयार ओतीव गोळ्यांवर रंगीत, काचेसारखं वंगण असतं ते हेच. ते वाहतुकीला सोयीचं म्हणून वापरतात. नळीसाठी ते सगळ्यांत चांगलं असतं असं नाही. कमी वेगाच्या काडतुसात ते पुरतं पसरत नाही, कधी गोळी लक्ष्याला लागते तेव्हाही खाचेतच राहिलेलं असतं. शिवाय ते भरायला यंत्राखाली हीटर लागतो. घरच्या कामासाठी मी ते सुचवत नाही. फार उष्ण हवेत गोळ्या महिनोन्महिने ठेवायच्या असतील तरच त्याचा विचार करा.

पावडर कोटिंग. हे वंगण नाही, गोळीवर चढवलेला प्लास्टिकचा अंगरखा आहे. पॉलिएस्टर पावडर प्लास्टिकच्या डब्यात गोळ्यांबरोबर हलवायची म्हणजे घर्षणाच्या विजेने ती गोळीला चिकटते. मग ओव्हनमध्ये साधारण 200 अंश सेल्सिअसला 20 मिनिटं भाजायचं. वेळ गोळ्या तापल्यापासून मोजा, ओव्हनचं बटण फिरवल्यापासून नाही. हा ओव्हन पुन्हा कधीही खाण्यासाठी वापरू नका.

याचे फायदे खरे आहेत. धूर जवळजवळ नाही, हाताला चिकटपणा नाही, शिशाचा थेट स्पर्श कमी, आणि डाय स्वच्छ राहतात. त्रास एवढाच की कोटिंगने व्यास हजारांश-दोन हजारांश इंच वाढतो, म्हणून सायझिंग कोटिंगनंतर करावं लागतं. कोट नीट भाजलाय का ते दोन प्रकारे पाहा. ॲसिटोनमध्ये बुडवलेलं फडकं घासल्यावर रंग निघता कामा नये. गोळी ऐरणीवर ठेवून हातोड्याने चपटी केली तर कोट गोळीबरोबर ताणला जावा, पापुद्रे सुटू नयेत. पापुद्रे सुटले तर तो घाणा पुन्हा भाजा.

तर निवड कशी करायची? महिन्याला शंभर-दोनशे गोळ्या, .38 स्पेशल किंवा .45 एसीपी: पातळ वंगण. रिव्हॉल्व्हर, खोल खाचेचा साचा आणि मॅग्नमचा वेग: मऊ मेणवंगण. 9 मिमी किंवा बंदिस्त रेंज: पावडर कोटिंग. बंदिस्त रेंजवर मेणाच्या धुराने दहा गोळ्यांनंतर लक्ष्य धूसर होतं आणि शेजारच्या नेमबाजालाही त्रास होतो.

षटकोनी किंवा अष्टकोनी घडणीची नळी असेल, म्हणजे रायफलिंगला धारदार कडा नसून गोलसर पैलू असतील, तर बनवणाऱ्याची पुस्तिका आधी वाचा. अशा काही पिस्तुलांच्या पुस्तिकांत उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते गंभीरपणे घ्या, कारण अशा नळीत शिसं साठलं की दाब वाढतो.

### 7. घरचं मिश्रण करायचं असेल तर

मेण थेट आगीवर कधीही वितळवू नका. उकळत्या पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवूनच वितळवा, म्हणजे तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. आधी मेण वितळवा, मग ग्रीस किंवा अलॉक्स घालून ढवळा.

मिश्रण बेतशीर झालं का ते बोटाने कळतं. थंड झालेल्या तुकड्याला अंगठ्याने दाबा. ठसा उमटला आणि तुकडा तुटला नाही तर ठीक. चुरा झाला तर तेल कमी. बोटाला चोपडा थर राहिला तर मेण कमी. मग वंगण भरलेली एक सुटी गोळी कडक उन्हात दोन तास ठेवून पाहा. वंगण खाचेतून खाली ओघळलं तर ते काडतुसातही ओघळेल आणि दारूपर्यंत पोहोचेल.

नुसतं पॅराफिन मेण वापरू नका. ते ठिसूळ असतं आणि खाचेतून सुटून पडतं. स्वयंपाकाचं तेलही नको. ते हवेने खवट आणि चिकट होतं आणि नळीत राळेसारखं बसतं.

### 8. लावताना पाळायच्या गोष्टी

गोळीचं बूड कोरडं आणि स्वच्छ हवं. बुडावर वंगण राहिलं तर ते दारूला लागतं. शिवाय बुडाची कड अखंड आणि धारदार हवी. ती तुटकी असेल तर वायू तिथूनच निसटतो, आणि अशी गोळी सरळ पुन्हा वितळवायला टाका.

टोकावरचं वंगण पुसून टाका. स्वयंचलित पिस्तुलात ते मॅगझिनमध्ये आणि चेंबरच्या तोंडाशी साठतं, मग एके दिवशी स्लाइड पूर्ण बंद होत नाही.

बसवण्याचा डाय दर शंभर काडतुसांनी उघडून पुसा आणि काडतुसाची लांबी मधूनमधून मोजा.

वंगण किंवा कोटिंग बदललं की दारूचा भार जुनाच ठेवून पुढे जाऊ नका. अधिकृत पुस्तिकेत तुमच्याच वजनाच्या ओतीव गोळीसाठी दिलेल्या सुरुवातीच्या भारापासून पुन्हा सुरू करा.

### 9. झाडून पाहा, मग नळी वाचा

नळी आधी पूर्ण स्वच्छ करा. नाहीतर जुन्या शिशाचा दोष नव्या वंगणाला लागेल. वीस गोळ्या झाडा आणि थांबा. नळी सुटी करा आणि आत प्रकाश टाकून पाहा.

शिसं चेंबरच्या लगेच पुढे, रायफलिंग सुरू होतं तिथे असेल तर गोळी बारीक आहे. वंगण बदलू नका, पायरी 3 ला परत जा. शिसं तोंडाकडच्या अर्ध्या भागात असेल तर वंगण वाटेत संपतंय. तेव्हा वंगण वाढवा किंवा प्रकार बदला. शिसं रायफलिंगच्या एकाच बाजूला, कडेकडेने असेल तर वेगाच्या मानाने गोळी जास्त मऊ असू शकते. आणि एकाच ठिकाणी कड्यासारखं जमलं असेल तर नळीत तिथे आवळलेली किंवा खरबरीत जागा आहे. दांड्याने ती आधीच सांगितली असेल.

मेणवंगण वापरत असाल तर नळीच्या तोंडाभोवती वंगणाची चांदणीसारखी पुसट नक्षी उमटते. तिथपर्यंत वंगण पोहोचलं याची ती खूण. ती नसली म्हणजे बिघाडच असं नाही, पण ती असताना तोंडाशी शिसं क्वचितच सापडतं. कोटिंग केलेल्या गोळ्यांत ही खूण दिसत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. व्यास, वंगण आणि मिश्रधातू तिन्ही एकदम बदललंत तर सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या घाण्याला पुन्हा अंधारात चाचपडावं लागतं. वहीत साचा, मिश्रधातू, सायझिंगचा व्यास, काडतुसातून काढलेल्या गोळीचा व्यास, वंगण, हवेचं तापमान आणि शिसं कुठे सापडलं एवढं लिहा.

### 10. चिकटलेलं शिसं काढणं

तांब्याच्या तारेची भांडी घासायची जाळी थोडी कापून जुन्या ब्रशभोवती गुंडाळा आणि कोरड्या नळीतून फिरवा. दहा-बारा फेऱ्यांत शिशाचे पापुद्रे बाहेर येतात. जाळी खरी तांब्याची आहे का ते चुंबकाने तपासा. चुंबक धरत असेल तर आत लोखंड आहे, ती नळीत घालू नका.

व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण नळीत ओतलं की शिसं विरघळतं, हे खरं आहे. पण त्यातून तयार होतं ते पाण्यात विरघळणारं, पोटातून सहज आणि थोडंफार कातडीतूनही शोषलं जाणारं शिशाचं विष, आणि जास्त वेळ राहिलं तर पोलादालाही खड्डे पडतात. मी ते वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका.

कारखान्याच्या तांब्याच्या आवरणाच्या दोन गोळ्या झाडून शिसं काढायचा सल्लाही कानावर येईल. नळी शिशाने अरुंद झालेली असताना वर कठीण गोळी ढकलली तर दाब वाढतो. आधी हाताने साफ करा, मग हवी ती गोळी झाडा.

वंगण लावलेल्या गोळ्या झाकणाच्या डब्यात, उन्हापासून दूर आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. डब्यावर तारीख, सायझिंगचा व्यास आणि वंगणाचं नाव लिहून ठेवा. सहा महिन्यांनी सोनेरी दिसणाऱ्या दोन डब्यांतला 0.356 कुठला आणि 0.357 कुठला, हे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही.